उघड्या दाराचं उत्तर
लाल शाईचा पेन उघडला की लातूरच्या क्लासमधला पत्र्याखालचा तो बाक आठवतो. भूकंपाला वर्ष होत आलं होतं. सरांनी एका जुन्या प्रेमकवितेतली प्रतीकं पाठ करून घेतली होती. दिवा म्हणजे आशा, उघडं दार म्हणजे प्रियकराची वाट पाहणं. चाचणीचे पेपर आम्हीच आपसात बदलून तपासायचो. माझ्याकडे शेजारणीचा आला. ती भूकंपात पडलेल्या गावची. तिनं लिहिलं होतं, ‘दार उघडं असलं की आतल्या माणसाला पळता येतं.’ मी फुली मारून शून्य दिलं. “चूक हाय व्हय?” तिनं विचारलं. “सरांच्या यादीत न्हाई ते,” मी म्हणाले. पेपरची घडी घालत ती म्हणाली, “त्या रात्री आमच्या मायनं कडी लावली होती.” आज मीही क्लास घेते, आणि माझ्या नोट्समध्ये उघडं दार म्हणजे अजून वाट पाहणंच आहे.