एक मॅच आमच्याकडे

हसा, हसा तुम्ही! ज्याच्या गळ्यात कॉलेजचा जिमखाना पडतो, त्याला असले किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते आपोआप साचतात, न्हाणीत शेवाळ धरतं तसे. मी मूळचा भूगोलाचा मास्तर. पण नव्वदनंतरची पाच-सहा वर्षं रोह्याकडच्या आमच्या चिमुकल्या कॉलेजची कबड्डी टीमही माझ्याच डोक्यावर होती. आणि मॅचेसचं टाइमटेबल कोणाच्या हातात? पेणकडच्या एका मोठ्या कॉलेजच्या पाटकर सरांच्या! त्यामुळे सगळ्या मॅचेस त्यांच्याच मैदानावर. दर वर्षी!

*

आमची मॅच कायम सकाळी आठची. पहिली गाडी वेळेवर आली, तर आम्ही धावतपळत पोचणार. ती वेळेवर कधी आली? शेवटी मी पाटकर सरांना फोन केला.

"सर, आम्हाला दहाची वेळ द्या की."

"दहाला आमची मुलं नाश्ता करतात."

"मग आम्ही यायचं कसं?"

"आदल्या दिवशी या!"

"आणि राहायचं कुठे?"

"तो तुमच्या कॉलेजचा अंतर्गत प्रश्न आहे."

मी फोन ठेवला. आदळला म्हणा ना!

*

एका वर्षी कासू स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. समोरून मालगाडी यायची होती. पोरांनी डब्यातच कपडे बदलले, प्लॅटफॉर्मवर वॉर्मअप केला. पेणला उतरून मैदानापर्यंत नुसते पळत सुटलो. वीस मिनिटं उशीर! तोवर समोरच्या टीमला वॉकओव्हर देऊन झालेला.

आमचा कॅप्टन मंगेश, खाडीकडच्या मिठागरात काम करणाऱ्यांचा पोरगा. परत येताना तो खिडकीशी बसला होता. मग एकदम म्हणाला, "सर, मालगाडीला आधी का सोडतात? मोठी असते म्हणून?"



*

ड्रॉचा तर वेगळाच तमाशा. लागोपाठ दोन वर्षं आमची पहिलीच मॅच मोठ्या कॉलेजशी. पहिल्या फटक्यात घरी! तिसऱ्या वर्षी मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला. "चिठ्ठ्या तुम्ही काढता. यंदा मी काढणार!"

पाटकर सरांनी शांतपणे डबा पुढे केला. मी डोळे मिटून चिठ्ठी काढली. उघडली.

मोठं कॉलेज!

शिव्या द्यायला माणूससुद्धा उरला नाही हो.

*

मंगेशचं शेवटचं वर्ष आलं. त्याच्या आईने, यमुनाबाईने, त्याला खेळताना एकदाही बघितलं नव्हतं. कामाचा दिवस मोडून पेणला कोण नेणार तिला? ती त्याला विचारायची, "खरंच खेलतोस ना रं, का पिच्चर बगून येतोस?" पोरगा वरून हसायचा, पण त्याला लागायचं ते. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, एकच मॅच आपल्याकडं घ्या. फकस्त एक."

मी मीटिंगमध्ये उभा राहिलो. पाटकर सर म्हणाले, "तुमच्याकडे बघायला येणार कोण?"

"माझ्या कॅप्टनची आई येईल!" मी ओरडलो.

सगळे हसले. हसताहसता मॅच मंजूर झाली. तारीख दिली ऐन भातकापणीतली! यमुनाबाईने निरोप धाडला, "कापनी एक दीस थांबंल."

*

आता त्या मॅचचं ऐका. आदल्या संध्याकाळी मैदान आखायला गेलो, तर जिमखान्यातला चुना भिजून दगड झालेला. मंगेशने घरून मिठाची गोणी आणली. पांढऱ्याशुभ्र रेषा! मी स्वतःवरच खूश.

सकाळी येऊन बघतो तर काय, शेजारच्या अष्टमी गावची गुरं रांगेत उभी राहून आमचं मैदान चाटतायत! मध्यरेषा साफ. एका म्हशीने तर कोपऱ्यात बसूनच घेतलेलं.

तेवढ्यात मोठ्या कॉलेजची गाडी आली. पाटकर सर खाली उतरले, जमिनीकडे बघितलं आणि म्हणाले, "मैदान आखलेलं नाही. मॅच आमच्याकडे घेऊ."

माझं डोकंच सटकलं. पण पंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला रेषा दाखवा, मी शिटी वाजवतो."

पोरांनी विहिरीचे दोर आणून जमिनीत खुंट्या मारून ताणले. मध्यरेषा झाली, तीन बाजू झाल्या, दोर संपला. चौथ्या बाजूला कापणी सोडून आलेल्या बायका मांडी घालून ओळीत बसल्या. त्यांचे गुडघे म्हणजे रेषा! मधोमध यमुनाबाई.

मॅच बरोबरीत आली. शेवटची चढाई, मंगेशची. त्याने एकाला शिवलं. दुसऱ्याने घोटा धरला. मंगेश त्या चौथ्या बाजूला झुकला, हिसडा मारून सुटला आणि झेपावत मध्यरेषेला पोचला. जिंकलो! पोरं नाचायला लागली. मी, एवढा मोठा माणूस, चक्क रडलो. पाटकर सरांनी तोंड वाकडं केलं, पण हात मात्र पुढे केला.

पंच शिटी तोंडाला लावतायत, तोच यमुनाबाई उठून उभी राहिली.

"ओ, थांबा! त्यो बाहेर गेलता."

सगळे गार. मंगेश आईकडे बघतच राहिला. पाटकर सरसुद्धा चाचरत म्हणाले, "बाई, आम्हाला तर कुणालाच काही दिसलं नाही."

"तुमाला नाय दिसला," यमुनाबाई म्हणाली, "पन माज्या मांडीवर पाय पडलाय त्याचा. औट हाय त्यो!"