राईत काही न्हाई

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मुलाजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि देवापुढे बसते तेव्हा तर मुद्दाम दुसरंच काहीतरी मागते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगते. पण आधी मला थोडं भांडू द्या. भांडल्याशिवाय माझ्या तोंडातून खरं निघत नाही, हा माझा जुना स्वभाव आहे.

आमची राई दीड एकराची. संगमनेर तालुक्यात, प्रवरेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाला. करंज, जांभळं, दोन मोहाची झाडं, आणि अगदी ओढ्याला लागून एक जुना उंबर, ज्याच्या मुळांखालची माती पाण्यानं खाऊन तिथं कपारच झालेली. माझ्या नवऱ्यानं एवढा तुकडा ऊस न लावता तसाच राखला. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ही बाई झाडं विकणार. का वाटलं? बाई एकटी राहिली की तिचं जे असेल ते विकायलाच असतं, असं आमच्याकडे धरून चालतात.

माझा धाकटा दीर तर टपूनच होता. ओढ्याच्या पलीकडे त्याचा ऊस, अलीकडे माझी झाडं. सावलीनं त्याच्या उसाच्या दोन सऱ्या खुरटतात म्हणे. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तोच विषय — वहिनी, जेसीबी माझा, डिझेल माझं, तुम्ही फक्त हो म्हणा. मी म्हणायचे, चकली घ्या भाऊजी.

मग बिबट्याचं सुरू झालं. आधी कुत्री गेली, मग कुणाची कालवड गेली. आणि गाव काय म्हणालं? बिबट्या वहिनींच्या राईत राहतो. अरे, डोकं आहे का ठिकाणावर? गावाच्या चारही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. त्यात दिवसाढवळ्या माणूस शिरला तर हाक मारून बाहेर काढावा लागतो, तिथं म्हणे बिबट्या लपत नाही. आणि माझ्या राईत, जिथं या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाची म्हैस दिसते, तिथं मात्र लपतो. ऊस कारखान्याला जातो, त्याचे पैसे येतात, मग उसात वाईट काही कसं राहील? वाईट राहायला झाडं आहेतच.

हे सगळं मी मारुतीच्या देवळापुढे, भर ग्रामसभेत बोलले. दिरानं ठराव आणला होता, की राईत बिबट्या आढळला तर झाडं काढायची. मी उभी राहिले आणि म्हणाले, राईत बिबट्या असता तर मी रोज आत जाऊन पाखरांच्या पाण्याची कुंडी भरली असती का?  बाया हसल्या. ठराव बारगळला.

माझं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. बिबट्या उसातलाच. आजही कुणी विचारलं तर मी हेच भांडेन.

फक्त एक गोष्ट होती — मी कुंडी भरायला जायचं बंद केलं होतं.

सभेच्या आधीच अलीकडच्या बाजूचा ऊस तुटून गेला, ऊसतोड्यांची टोळी आपल्या पाचटाच्या कोप्या मोडून पुढच्या गावाला गेली, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी, दिवस मावळताना मी पाण्याची बादली घेऊन राईत गेले. ती कुंडीवर पाणी पीत होती. बिबट्याची मादी. उंबराच्या कपारीतून दोन पिल्लं मांजरासारखी डोकावत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बादली तिथंच ठेवून मी उलट्या पावलांनी घरी आले. घर तुटलं की बाळंतीण कुठं जाणार? ती माझ्याकडे आली होती. मला बरंसुद्धा वाटलं. वेडेपणा म्हणा.

पण मी सांगितलं का नाही? तुम्ही म्हणाल, मुक्या जिवाची दया आली. किंवा झाडांची माया. शहरातून येतात ना ते दुर्बीणवाले, ते असंच म्हणतील, आणि माझा फोटोही काढतील. नाही हो. दया-माया होती थोडी, खोटं कशाला सांगू, पण खरं कारण वेगळंच होतं. मला दिराचं खरं ठरू द्यायचं नव्हतं. एवढंच. त्याचा तो चेहरा, "बघा, मी म्हणालो नव्हतो" असा, मला बघवला नसता. म्हणून मी ग्रामसभेत तोंड वर करून बोलले.

अजूनही कबुली झालेली नाही. सभेत सगळेच खोटं बोलतात. सभेतल्या खोट्यानं कुणाचं काही जात नाही.

हिराबाई माझ्या मागच्या वस्तीवर राहते. चार-पाच शेळ्या आणि दुसऱ्याच्या रानात मजुरी, यावर तिनं पोरगा वाढवला, त्याचं लग्न लावलं. शेळ्या घेऊन माळाला जायची तिची वाट माझ्या राईतून. बिबट्याची ओरड सुरू झाल्यापासून ती लांबच्या गाडीवाटेनं जायची. सभेनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी ती शेळ्या घेऊन माझ्या ओट्यापाशी थांबली. मी ज्वारी पाखडत होते.

"वैनी, सभंचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला एकटीला खरं सांगा. जाऊ का हितनं?"

सूप हातात होतं. तिच्या डोळ्याला डोळा मी भिडवला की नाही, हे मला आठवत नाही — आठवतं, नाही भिडवला.

"जा की बिनघोर," मी म्हणाले. "राईत काही न्हाई."

बस. हेच ते. तिनं मला एकटीला विचारलं होतं. दीर नव्हता, सभा नव्हती, ठराव नव्हता. मी तिला नुसतं "गाडीवाटेनं जा" म्हणाले असते तरी चाललं असतं. कारणही विचारलं नसतं तिनं. पण मला वाटलं, ही गावात बोलेल. आणि वाटलं, एवढी माणसाची चाहूल लागल्यावर मादी कशाला अंगावर येईल? पिल्लं असलेल्या आईचा हिशेब मला कळत नव्हता का? मी आई नाही का?

ओरडणं ऐकू आलं तेव्हा सुपातली ज्वारी सांडली. मी कोयता घेऊन पळाले. मी पोचेपर्यंत मादी निघून गेली होती. हिराबाई उंबराखाली पडलेली, डोक्याची कातडी सुटलेली, उजवा खांदा फाटलेला, शुद्ध नाही. शेळ्या चौफेर.

आता नीट ऐका. तिथून अलीकडे माझं घर, घरापुढे सडक, सडकेवर माणसं. पलीकडे दिराचा ऊस. मी तिला उसाकडे ओढत नेलं.

तिचा जो हात हाताला आला तो धरला. तो उजवा होता. झाडांतून, मुळांवरून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, पार बांधावर, उसाच्या कडेला. तिथं तिला ठेवलं आणि मग मी बोंब मारली. आधी नाही.

माणसं आली. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. कुणीतरी म्हणालं, उसातनं आला, आणि मी मान हलवली. पंचनाम्यातही तेच सांगितलं. पिंजरा दिराच्या उसात लागला. लोकांनी त्याला तो ऊस कच्चाच तोडायला लावला, तेव्हा मला — लाज वाटते, पण सांगते — आनंद झाला. त्या गडबडीत मादीनं पिल्लं कधी हलवली, कुणाला कळलं नाही. राई वाचली.

हिराबाई नगरला सिव्हिलमध्ये होती. मी भेटायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "वैनी, मी कुठं हुते वो?"

"उसाच्या बांधाला," मी म्हणाले.

"तिकडं कशाला गेल्ते मी?"

"शेळी गेली असंल तिकडं. तिच्यामागं गेली असशील."

ती म्हणाली, "व्हय. माजंच चुकलं."

तेव्हापासून तिला ती शेळी आठवते. खरंच आठवते. कोणती शेळी, कशी उधळली, हे ती बायांना सांगते, आणि मी तिथं बसून ऐकते. मी तिच्या तोंडात दिलेला घास तिनं असा पचवला. शेवटी ती दरवेळी म्हणते, वैनीनं वाघाच्या तोंडातनं वढून काढली मला. यावरून गावानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, टाळ्या. नारळ हिराबाईच्याच हातून दिला. तिनं तो डाव्या हातानं दिला, कारण उजवा आता खांद्याच्या वर जात नाही. तिला स्वतःचा अंबाडा बांधता येत नाही, सून बांधते. तो हात बिबट्यानं नेला की मी नेला, हे मला माहीत नाही. डॉक्टरला विचारायचं तर काय म्हणून विचारायचं? माझं पित्त खवळतं ते याच्यावर, की सगळ्यांनी माझ्यावर किती सहज विश्वास ठेवला. एकालाही वाटलं नाही, की ही बाई रक्तबंबाळ बाईला सडकेकडे न नेता उसाकडे का घेऊन गेली? ओढ्यात फरफटल्याची खूण होती. ती कुणी पाहिली नाही. पाहिली असती तर? तर मी आणखी काहीतरी बोलले असते, हे मला पक्कं माहीत आहे.

यंदा पुन्हा ऊसतोड झाली. गेल्या आठवड्यात कुंडीजवळच्या ओल्या मातीत मला पंजा दिसला. मोठा, स्वच्छ.

हिराबाईच्या दारात आता गाई आहेत; तिची सून मनीषा रोज सकाळी किटली घेऊन डेअरीला दूध घालायला जाते. राईतूनच जाते. सासूनं तिला शिकवलंय, उसाच्या कडंनं जाऊ नको, राईतनं जा, राईत काही न्हाई. माझेच शब्द.

काल मी तिला वाटेत उभं राहून अडवलं. या वेळी सूप हातात नव्हतं. मी तिच्याकडे नीट बघत म्हणाले, "हितनं जाऊ नको. बिबट्या हाय आत."

ती दचकली. मग म्हणाली, "आत्याबाई तर म्हनत्यात, राईत कदीच नव्हता."

वाट मोकळी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. दीर आता माझ्याशी बोलतही नाही, त्याच्यासमोर जिंकायचं काही उरलेलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं.

"यंदा आलाय," मी म्हणाले.

ती मागे वळून गाडीवाटेनं गेली. संध्याकाळी हिराबाईनं तिच्याच हाती वाटीभर खरवस पाठवला, आणि निरोप — वैनीला म्हनावं, दुसऱ्यांदा वाचिवलं.

मी वाटी रिकामी करून, धुऊन परत दिली.