वेलचीचा ग्राइंडर

रियाधच्या कामगार कॅम्पमध्ये माझ्या समोरच्या पलंगावर राजापूरकडचा एक फिटर राहायचा. चहाची वेलची बारीक करायला त्याच्याकडे मुठीत मावेल असा, आतून दाते असलेला स्टीलचा ग्राइंडर होता. दर शुक्रवारी तो ग्राइंडर आधी चुरा सुटावा म्हणून फ्रीजरमध्ये ठेवायचा, मग उघडून दात्यांत चिकटलेला चुरा जुन्या टूथब्रशने झाडायचा आणि झाकणाच्या आट्यांवरून खोबरेलाचं बोट फिरवायचा. "मशीन छोटी असो नायतर मोठी, घाण राहिली की अडकते," म्हणायचा.

असल्या ग्राइंडरमध्ये लोक गांजा बारीक करतात, हे मी त्याला सांगितलं होतं. "टाकून दे. इथे नसती भानगड होईल."

"मी वेलची दळतो. टाकू कशाला?"

एकदा खोल्यांची तपासणी झाली. गार्डने ग्राइंडर उचलून विचारलं, "ये किसका है?" मी मान खाली घालून मोबाइल बघत राहिलो. फिटर पुढे झाला. "मेरा है." त्याने झाकण उघडून गार्डला वास घ्यायला दिला. तरीही गार्ड ग्राइंडर घेऊन गेला.

त्यानंतर रोज ड्युटी सुटली की फिटर तो परत मागायला कॅम्प बॉसच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहायचा. मी म्हटलं, नवा घे ना.

"नवा घेतला तर जुन्यात कायतरी होतं, असं होईल."

अकराव्या दिवशी ग्राइंडर परत मिळाला. त्याने तो आधी घासून पुसला, मग चहा केला आणि एक कप माझ्यापुढे ठेवला. मी तपासणीच्या दिवसाबद्दल बोलायला लागलो.

"पी आधी," तो म्हणाला, "थंड होतोय."