तांदळात लिहिलेलं नाव

लग्न लागून सासरी पाऊल टाकलं आणि यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. असलं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. शब्दकोशातून शोधलंय, म्हणाले. बाकीच्या नवऱ्या मान खाली घालून बसतात. ही बया, म्हणजे मी, वाकून वाचत होती. पुढे मुलुंडभर नाक वर करून फिरली, की असं नाव दुसऱ्या कुणाचं नाही. वेडी कुठली.

त्या नावाने कुणी हाक मारलीच नाही. हे आयुष्यभर ‘अगं ए’ म्हणाले, मुलं आई म्हणाली, वाणी फ्लॅटच्या नंबराने ओळखतो. हे गेल्यावर ‘अगं ए’ही थांबलं. रडू आलं नाही. अजून येत नाही. कुकर लावते, शिट्टीची वाट बघते.

परवा नात लॅपटॉप घेऊन बसली. ती बाळांची झबली शिवून विकते. वेबसाइटला नाव हवं होतं आणि सुचेल तो शब्द आधीच कुणीतरी घेतलेला. कंटाळून तिने माझं नाव टाकून पाहिलं. मोकळं होतं.

मग तपासणी सुरू झाली. छोटं आहे, बोलायला सोपं, दुसऱ्या कशाशी गल्लत नाही. दाखवायला बसवलेल्या मुलीसारखी मी गप्प ऐकत होते. शेवटी ती अडखळली.

“काय गं?”

“आजी, मोकळं आहे कारण हा शब्द कुणी शोधतच नाही. नुसतं वेगळं असून काय उपयोग? झबलं हवंय त्याला हे सुचणार कसं?”

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माहेरचं नाव बघ म्हटलं. घरोघरी असतं तसलं साधं नाव. ते केव्हाच गेलेलं. तिथे दुकान नाही, काही नाही. पुढेमागे भाव येईल म्हणून कुणीतरी अडवून ठेवलेलं. मी हसत हसत टाकून आले, त्याला गिऱ्हाईक होतं.

नात लॅपटॉप मिटायला लागली. शिवलेल्या झबल्यांनी माझं कपाट भरलंय, विकायची कुठे हा तिचा घोर मला दिसत होता.

“हेच घे,” मी म्हटलं. “कुणी शोधत नाही, तर तू शोधायला लाव. तुझ्या आजोबांनी लिहिलं आणि वापरलंच नाही. कोरं करकरीत आहे.”

तिने घेतलं. कसं वाटतंय, विचारलं. काही नाही, म्हटलं.

दोन दिवसांनी तिने मोबाइल पुढे केला. वर माझं नाव, खाली पिवळं झबलं. चष्मा लावून मी बराच वेळ झबल्याकडेच बघत राहिले. त्याचे बंद नीट शिवले होते.