हॅरोची खोली आणि आमची माणसं

आम्ही समुपदेशक एकत्र जमलो की किस्से संपत नाहीत. गुपित फुटू नये म्हणून नावं बदलतो, गावं बदलतो, तरी माणसं आपलीच निघतात! लंडनच्या हॅरो स्टेशनमागची माझी खोली मी गेल्या वर्षी बंद केली. मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन गेली की तिथल्या खिडकीची काच थरथरायची. आता घरच्या शांततेत तीच काच आठवते. डिग्र्या भरपूर मिळवल्या. पण कुणाला खरंच उपयोग झाला का, ही शंका काही जात नाही.

*

फायनान्समधला एक पुणेकर एकटाच आला. मी बजावलं, "इथलं बोलणं चार भिंतींबाहेर जाणार नाही."

त्याने फोन टेबलावर ठेवला. "सर, आई लाइनवर आहे. तिला चालेल का विचारतो."

तक्रार काय, तर "मला एकट्याला कुठलाच निर्णय घेता येत नाही!"

*

जोडप्यांना मी आधीच सांगायचो, "मी कुणाचीही बाजू घेणार नाही."

एक मुंबईकर सूनबाई उसळल्या, "मग काका, आम्ही आलो कशाला? बाजू न घेणारा माणूस माझ्या घरी आहेच की!"

घरच्या माणसाने खिडकीबाहेर पाहिलं.

*

एकदा अख्खं कुटुंब आलं. मी म्हटलं, "एकेकाने बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही." आजींनी पिशवीतून डबा काढला. "आधी वड्या घ्या हो. भांडण काय, होईलच!"

तोंडं भरलेली, भांडणार कोण? निघताना इथेच वाढलेली नात मला म्हणाली, "आजोबा, आज फर्स्ट टाइम कोणी शाउट नाही केला!"

श्रेय माझं की वड्यांचं, अजून ठरवता येत नाही.

*

आणि लंडनजवळच्या रीडिंग गावचे निखिल-मृणाल. निखिलचे वडील नागपूरला वारले आणि तो घरात बोलेनासाच झाला. मृणालने आल्या आल्या सांगितलं, "काका, आजचं शेवटचं. हा आजही गप्प बसला, तर मी वकिलाकडे जाणार."

तास संपत आला. निखिल गप्प. धास्तावून मी पुस्तकातली जुनी युक्ती काढली. एक रिकामी खुर्ची त्याच्यासमोर सरकवली. "इथे बाबा बसलेत असं समजा. सांगायचं राहिलंय ते सांगा."

निखिल ताडकन उठून उभा राहिला. हात मागे, मान खाली.

"अहो, बसून बोला."

"बाबांसमोर मी कधी बसलो नाही, सर."

तसाच उभा. शब्द काही फुटेना. युक्ती फसली, एक संसार आपल्या हातून मोडला, असं मला वाटलं.

मृणालने पर्स खांद्याला अडकवली आणि ती उठली. पण दाराकडे गेली नाही. त्या खुर्चीसमोर, निखिलच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाबा," ती खुर्चीला म्हणाली, "ह्याला आता बसायला सांगा ना."