कारणाच्या चौकटीतलं टिंब

"ही दापोडीची? आडनाव बघा आधी. टाका होल्डला."

मोठ्या स्क्रीनवर माझ्याच अर्जाचं कार्ड होतं. माउसही माझ्याच हातात. साहेबांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. चाकणच्या त्या कंपनीच्या भरती विभागात ठेकेदाराकडून आलेली ऑपरेटर मी, दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसत होते. त्यांच्या लेखी नुसती 'ताई'. पूर्ण नाव कधी विचारलंच नाही. कायम जागा निघाली तेव्हा मीही अर्ज भरला, हे त्यांना कुठून कळणार?

मी कार्ड ओढलं. छाननीच्या रकान्यातून होल्डच्या रकान्यात. स्वतःला, स्वतःच्या हातानं.

होल्ड म्हणजे काय, ते मला विचारा. नकार दिला की सॉफ्टवेअर उमेदवाराला मेल तरी पाठवतं. होल्डला टाकलं की काहीच जात नाही. माणूस फोनकडे बघत बसतो. कार्ड हलवताना कारण लिहावं लागतं, त्याशिवाय ते सरकत नाही. आमची रीत अशी, की चौकटीत एक टिंब द्यायचं आणि मोकळं व्हायचं. मशीनला तेवढं पुरतं. अशी टिंबं मी किती दिली! दापोडी, पिंपरी, देहूरोड. आडनावं माझ्यासारखीच. आपल्याला काय करायचंय, म्हणत दिली. लाज वाटते मला.

"ताई, झालं का? पुढचं घ्या."

"कारण राहिलंय, साहेब."

"टिंब द्या की नेहमीसारखं."

"नाही देणार. तुम्ही बोललात तेच लिहिते."

आणि लिहिलं. 'दापोडीची. आडनाव बघा आधी. साहेबांनी सांगितलं.' बटण दाबलं. खोलीतल्या तिघाचौघांनी स्क्रीनवर वाचलं.

"अहो, पुसा ते! डोकं फिरलंय का तुमचं? तुम्हाला काय एवढं झोंबलं?"

"ते कार्ड माझं आहे."

नोंद एकदा झाली की पुसता येत नाही. हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास चालला नाही. चालणार नव्हताच. बस पकडून मी दापोडीला परत आले. घरी बसून रडायचं नाही, हे बसमध्येच ठरवलं.

टिंबं दिलेली नावं माझ्या लक्षात आहेत. एकेकाचं दार वाजवणार आहे. तुला होल्डला टाकलं, का टाकलं, आणि ते कार्ड ओढणारा हात माझा होता, हे तोंडावर सांगणार. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. मग म्हणेन, चल, जाब विचारायला जायचंय.

पहिली मुलगी माझ्याच गल्लीत राहते.