ससाण्याच्या जागी मनकर्णाबाई

देऊळघाटच्या मनकर्णाबाई नऊ वर्षांच्या असताना पहिल्यांदा राखणीच्या माळ्यावर चढल्या. माहेरी, पिंपळगाव राजाला, वडिलांनी ज्वारीत चार खांबांवर फळ्या बांधल्या होत्या. त्यावर उभं राहून गोफण फिरवायची, दगड सोडायचा आणि कणसांवर बसलेला राघूंचा थवा उठवायचा. हे काम त्यांना इतकं आवडलं, की लग्न होऊन देऊळघाटला आल्यावर सासऱ्यांकडे त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती माळ्याची. आता त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. भोवताली सगळीकडे सोयाबीन नाहीतर कपाशी, तरी रब्बीत त्यांची दोन एकर ज्वारी असतेच आणि ती त्या स्वतःच राखतात.

त्यांच्या दगडानं आजवर एकही पाखरू मेलेलं नाही. नेम नाही म्हणून नव्हे. "पाखरू माराचं नसते, उठवाचं असते," असं त्यांचं म्हणणं.

गेल्या जानेवारीत शेजारची पुष्पांजली सकाळीच त्यांच्या शेतात आली. ती बुलडाण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. धाकटा भाऊ दीपक आणि ती मिळून दोन वर्षं मोबाइलवरचा एक खेळ बनवत होते. कोडिंग तिचं, चित्रं त्याची. खेळणाऱ्यानं राघूंचा थवा घेऊन डोंगरातून उतरायचं आणि एकेक शेत खात सातव्या शेतापर्यंत पोचायचं. तिथं फायनल बॉस, म्हणजे ज्याला हरवल्याशिवाय खेळ संपत नाही असा शेवटचा गडी. नेमकं तिथंच घोडं अडलं होतं. आधी त्यांनी ससाणा ठेवला. क्लासमधल्या मुलांनी तिसऱ्याच डावात त्याला हरवलं. मग दीपकनं फवारणीचा ड्रोन काढला. दिसायला झकास, पण त्याला कोणी घाबरेना.

त्या सकाळी पुष्पांजली फक्त राघूंचा आवाज रेकॉर्ड करायला आली होती.

"काय करून राह्यली वं पोरी?" माळ्यावरून आवाज आला.

पुष्पांजली वर चढली आणि मोबाइलवर त्यांना खेळातला शेत राखणारा ससाणा दाखवला. मनकर्णाबाईंनी तो नीट पाहिला.

"हा एक राघू उचलते न चालला जाते," त्या म्हणाल्या. "बाकीचे पलीकडच्या धुऱ्यावर जाऊन खातेत. यानं काय राखण होते?"

"मंग कोण राखते, मावशी?"

"मी."

त्यांनी गोफणीत दगड घातला. डावीकडे तोंड करून अशी आरोळी ठोकली की पुष्पांजली दचकली. थवा उठून उजवीकडे वळला, आणि तो तिथं पोचायच्या आधीच दगड सणसणत त्याच्यापुढून गेला. गोफणीचं सुटलेलं टोक चाबकासारखं कडाडलं. साठ-सत्तर राघू हवेतच फुटले आणि चहूकडे पांगले.

"थवा कुठी हाय ते नाई पाहाचं. कुठी जाईन ते पाहाचं."

 पुष्पांजलीनं तिथूनच दीपकला फोन लावला.

"ड्रोन काढून टाक. बॉस भेटला."

"कोण?"

"मनकर्णामावशी."

 "आलोच," तो म्हणाला. वीस मिनिटांत तो शेतात हजर झाला. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नाही. तसाच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून चित्रं काढू लागला.

मनकर्णाबाईंनी एकच अट घातली. "लुगडं हिरवं दाखवजो. शेतात मी हिरवंच नेसतो. पाखराले बाई दिसली नाई पाहिजे, म्हंजे दगड कुठून येते ते त्याले समजत नाई."

तीन आठवड्यांत नवा बॉस उभा राहिला. आरोळी त्यांचीच, गोफणीचा कडाका त्यांचाच. दगड लागून एकही राघू मरत नसे, थवा पांगायचा आणि खेळणाऱ्याला तो पुन्हा गोळा करावा लागायचा. क्लासमध्ये मुलं त्यावर अक्षरशः तुटून पडली. सोळा जण, चार दिवस. एकालाही जिंकता आलं नाही. करिष्मा नावाच्या मुलीनं एक्केचाळीस डाव खेळले आणि तरी मोबाइल सोडेना. एवढा जीव टाकून कोणी आपला खेळ खेळताना बहीणभावांनी कधी पाहिलं नव्हतं. पण जिंकताच येत नसेल तर लोक आठवड्यात कंटाळतील, हेही खरं. दीपकनं दगडांचा वेग निम्म्यावर आणला आणि दोघं तो खेळ मनकर्णाबाईंना दाखवायला गेले.

"हे कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, मावशी."

"मी अशी फेकतो काय? मले हळू काऊन केलं बे?"

"तुम्हाला कोणी हरवूच शकत नाही म्हणून."

"कोण म्हणते? मी तं रोज हरतो. उद्या उजाडताना या."

दुसऱ्या दिवशी फटफटताना तिघं माळ्यावर उभे राहिले. दोन थवे आले, मनकर्णाबाईंनी दोन्ही पांगवले. मग सूर्य वर आला, थेट त्यांच्या डोळ्यांवर. त्यांनी कपाळावर हात धरला, डोळे बारीक केले. त्याच उजेडातून, सूर्याच्या पोटातून निघाल्यासारखा, तिसरा थवा उतरला आणि कणसांवर बसला. गोफण फिरली, पण दगड भलतीकडेच गेला.

"दहा मिनिटं मले काईच दिसत नाई," त्या म्हणाल्या. "त्याइले बरोबर ठाव असते."

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. दीपक हसायलाच लागला. त्याच दुपारी त्यांनी दगडांचा वेग होता तेवढा केला आणि सातव्या शेताच्या आभाळात उगवता सूर्य टाकला. आता उजाडेपर्यंत थवा कसाबसा जपायचा आणि सूर्य वर आला की त्याच्या आडून झेप घ्यायची. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. करिष्माला सहाव्या डावात ते आपसूक उमगलं. ती बाकावर उभी राहिली आणि सगळा क्लास तिच्याभोवती गोळा झाला.

जूनमध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला. नांदेडहून, कोल्हापूरहून निरोप येऊ लागले. एकानं लिहिलं, 'हिरव्या लुगड्यातल्या बाईंना हरवायला मला अकरा दिवस लागले.' पुष्पांजली असे निरोप वाचून दाखवायची आणि मनकर्णाबाई प्रत्येकाचं गाव विचारायच्या.

त्यांनी स्वतः मात्र खेळ हातात घेतला तो आषाढात, रानात नुकतेच कोंब वर आले होते तेव्हा. ओसरीवर बसून सलग नऊ वेळा हरल्या. दहाव्या खेपेला अशी आरोळी उठली की त्यांचे यजमान पुंजाजी गोठ्यातून धावत आले.

"काय झालं?"

"म्या मले हरवलं," त्या म्हणाल्या.

पुंजाजींना काही उलगडा झाला नाही. ते शेजारी टेकले आणि त्यांनी मोबाइलसाठी हात पुढे केला.